हात गेला नाही, भाता गेला आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुटलेला छंद पन्नाशी-साठीत पुन्हा धरावा, अशा आशयाचे लेख आणि पत्रे आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. वेळ कसा काढावा, संकोच कसा सोडावा, घरच्यांनी कसे सांभाळून घ्यावे, हे सगळे त्यांत असते. ज्या वाद्यापाशी परत जायचे ते कोणत्या अवस्थेत पडले आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्ही पेटीवाले, म्हणजे हार्मोनियमवाले आहोत. आमच्यातले काही पेट्या दुरुस्त करतात, काही वादन शिकवतात, काही दोन्ही करतात. म्हणून हे पत्र फक्त पेटीपुरते.

शाळेत असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत किंवा मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी-बारावी, नोकरी, संसार, आणि पेटी माळ्यावर गेली. अशी घरे महाराष्ट्रात किती असतील! निवृत्तीनंतर पेटी खाली येते, तिच्यावरची धूळ पुसली जाते, माणूस उत्साहाने बसतो आणि आठवडाभरात ‘आता हात गेला’ म्हणून उठतो. आमचे म्हणणे एवढेच की अशा बहुतेक वेळी गेलेला असतो तो भाता. वाद्याचा दोष वादक स्वतःच्या माथी मारून घेतो.

हे कसे होते ते सांगतो. बाहेरचा भाता आपण डाव्या हाताने हलवतो. त्यातून हवा आतल्या भात्यात जाते, त्याला स्प्रिंगचा दाब असतो, आणि त्या दाबाखालची हवा सुरांना (आतल्या पितळी जिभल्यांना आम्ही कारागीर ‘सूर’च म्हणतो) सारखी मिळत राहते. आतला भाता गळत असेल तर हवा साठत नाही. मग डावा हात घाईने मारावा लागतो, आवाज हिसके देतो, लांब स्वर मध्येच बसतो. डाव्या हाताचा हिसका उजव्या हातात उतरतो आणि लय हलते. त्यातच पट्ट्या फुगून जड झालेल्या असल्या, तर पूर्वी सहज निघणारी तान अडखळते. वाजवणाऱ्याला फक्त एवढेच कळते की पूर्वी येत होते ते आता येत नाही. त्यामुळे रियाज सुरू करण्यापूर्वी एक दिवस पेटी तपासण्यात घालवा. त्याला कारागीर लागत नाही.

आधी समोरचे सगळे स्टॉप, म्हणजे ओढायच्या खुंट्या, आत ढकलून बंद करा आणि भाता हळूहळू मारत आतला भाता भरा. भरल्यावर बाहेरचा भाता घट्ट लागला पाहिजे, पुढे ढकलला जाता कामा नये. तो मऊ मऊ आत जात राहिला, तर हवा बाहेर पळते आहे. आता वीस सेकंद थांबा, एक स्टॉप ओढा आणि मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबून धरा. भात्याला पुन्हा हात न लावता सूर दहा-बारा सेकंद तरी टिकायला हवा. चार सेकंदांत मान टाकली तर गळती आहे, असे समजा. ही परीक्षा खर्जाच्या पट्टीवर करू नका. खर्जाचा सूर हवा जास्त खातो, त्यामुळे चांगली पेटीही नापास ठरेल.

गळती शोधायला उदबत्ती पुरते. भाता मारत असताना ती घड्यांपासून दोन बोटे लांब धरून कडेकडेने फिरवा. जिथे धूर बाजूला फेकला जातो तिथे भेग आहे. भेगा बहुधा घडीच्या कोपऱ्यांत पडतात, कारण कातडे तिथेच सर्वांत जास्त वाकते. बाहेर काहीच सापडले नाही आणि गळती मात्र आहे, तर दोष आतल्या भात्यात किंवा हवेच्या झडपेत. ते काम कारागिराचे.

बाहेरची लहान भेग घरी बुजवता येते, पण कशाने बुजवायची ते महत्त्वाचे. सेलोटेप किंवा प्लॅस्टिकची चिकटपट्टी कधीही लावू नका. ती घडी ताठ करते, शेजारचे जुने कातडे मग दुप्पट वाकते आणि महिन्याभरात तिच्या कडेला नवी भेग पडते. शिवाय तिचा चिकटा पुढे निघता निघत नाही. बकरीचे पातळ कातडे घ्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच येईल एवढी पट्टी कापा, तिच्या कडा खरवडून पातळ करा आणि सरसाने चिकटवा. सरस यासाठी की पुढे कधी भाता बदलायचा झाला तर कोमट ओल्या फडक्याने तो सुटतो. फेव्हिकॉलने चिकटवलेले कातडे काढताना खालचा पुठ्ठाच सोलून निघतो. भाता अर्धा उघडा ठेवून रात्रभर वाळू द्या. बंद ठेवला तर घड्या एकमेकींना चिकटतात.

काही पेट्यांत पट्टी न दाबताच एखादा सूर कुईं करत राहतो. पट्टीच्या मागच्या टोकाखाली कातडे-फेल्टची गादी असते, ती भोकावर नीट बसली नाही की असे होते. गादीखाली कचरा अडकलेला असतो, कसरीने फेल्ट खाल्लेले असते, स्प्रिंग सैल झालेली असते, नाहीतर पट्टी शेजारणीला घासत असते. घासणाऱ्या पट्टीच्या कडेवर मऊ पेन्सिलीचे शिसे चोळून पाहा, निम्म्या वेळा तेवढ्याने भागते. जुलै-ऑगस्टात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, लाकूड पाणी धरून फुगते आणि निम्म्या पट्ट्या अडकतात. तेव्हा पॉलिश पेपरने पट्ट्या घासण्याचा मोह टाळा. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड वाळले की त्याच पट्ट्या खुळखुळू लागतात आणि घासून काढलेले लाकूड परत आणता येत नाही. पेटी उघडायची ती नवरात्रानंतर, हे जुन्या कारागिरांचे म्हणणे याच कारणाने आहे.

दाबल्यावर सूर बोलतच नसेल, तर बहुधा पितळेच्या जिभलीत आणि तिच्या चौकटीत धुळीचा कण किंवा केस अडकलेला असतो. वरचा भाग उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि कुठला स्क्रू कुठला हे कागदावर मांडा. बटर पेपरची बोटभर पट्टी जिभलीच्या मोकळ्या टोकाकडून अलगद खाली सरकवा आणि टोकाच्याच दिशेने ओढून घ्या. उलट्या दिशेने खेचलीत तर जिभली वाकते. वाकून चौकटीपासून फार वर राहिली की सूर उशिरा आणि धापा टाकत बोलतो. फार खाली बसली की भात्याचा जोर वाढताच गप्प होतो. बोटाने जिभलीला शिवू नका, घामाने पितळ हिरवे पडते. तोंडाने फुंकू नका, थुंकीतला ओलावा आत जातो. आणि तेल? शिलाई मशीनचे तेल सुरांवर सोडलेल्या पेट्या दर वर्षी समोर येतात. त्या तेलावर धूळ बसते, धुळीचे वजन जिभलीवर येते आणि सूर उतरतो. पेटीत तेलाचे काम कुठेच नाही.

सूर झणझणत असेल तर त्याचे दोन्ही स्क्रू आवळून पाहा. नुसते आवळून गेले नाही तर जिभली चौकटीला घासते आहे, हे काम कारागिराकडे द्या. वरचा भाग परत बसवताना स्क्रू एका ओळीत आवळत जाऊ नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, नाहीतर एक बाजू घट्ट दाबली जाते आणि दुसरीकडून हवा निसटते.

सूर लावणे, म्हणजे उतरलेला-चढलेला स्वर मिळवणे, हे मात्र घरी करू नका. तत्त्व दोन वाक्यांत सांगता येते. जिभली टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. पण खरवडलेले पितळ परत येत नाही, आणि सरावलेल्या हातालाही एका सुरावर तीन-चार वेळा थांबून ऐकावे लागते.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. तीस वर्षे पेटीला हात न लावलेला माणूस या काळात उत्तम गाणे ऐकत आलेला असतो. त्याचा कान तयार झालेला असतो. तो मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी पेटी लावून पाहतो आणि म्हणतो, गंधार चढा आहे, धैवतही चढा आहे, पेटी बिघडली. पेटी बिघडलेली नसते. पेटीचे बारा स्वर समान अंतराने बांधलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो, धैवत सुमारे १६ सेंटने. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंटचा, तो जाणवत नाही. याच बांधीव स्वरांमुळे आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) निघत नाही म्हणून १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवले होते. गंधार कानाला टोचत असेल तर खूश व्हा, वर्षे फुकट गेलेली नाहीत. त्यासाठी पेटी खरवडून घेऊ नका.

पेटी हवा धरू लागली की वाजवण्याकडे वळू. बहुतेक जण पहिली चूक पहिल्याच बैठकीत करतात. शेवटी जे नाट्यपद सफाईने वाजत होते तेच, त्याच लयीत, लावून पाहतात. कानाला ते पूर्ण आठवते, बोटांना अर्धे. तिसऱ्या दिवशी झाकण बंद. म्हणून पहिले तीन आठवडे जुन्या वहीतले काहीही काढू नका.

पहिला आठवडा भात्याचा. एकच सा दाबून धरा आणि भाता असा मारा की हात मागे घेताना आवाज पडू नये. मोठे, सावकाश हेलकावे हवेत, लहान धडपडीचे नकोत. पाच मिनिटांनी डावा खांदा वर चढलेला आढळेल, तो सोडा. गुडघे मांडी घालू देत नसतील तर पेटी खुशाल टेबलावर घ्या. पट्ट्या कोपराच्या उंचीला याव्यात, एवढेच पाहा. रोज वीस मिनिटे पुरे. रविवारी दोन तास बसून आठवड्याचे उट्टे काढणाऱ्यांची मनगटे दुखतात आणि सोमवारपासून पेटी बंद पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सरळ अलंकार (क्रमाने चढ-उतार करणाऱ्या स्वररचना), मिनिटाला ६० मात्रा, एका मात्रेत एक स्वर. दहा वेळा एकही पट्टी न चुकता झाले की दुगुन, म्हणजे दुप्पट लय. अंगठा शक्यतो काळ्या पट्टीवर नको. बोट पट्टीवरून उचलताना फार वर उडत असेल तर लय वाढवू नका, वाढलेल्या लयीत तेच बोट उशिरा पोहोचते. लहानपणी काळी एकमध्ये (सप्तकातली पहिली काळी पट्टी सा मानून) शिकला असाल तर आता पांढरी दोन किंवा पांढरी चार घ्या. जुन्या पट्टीत बोटांच्या जुन्या चुकाही जशाच्या तशा जपून ठेवलेल्या असतात, नव्या पट्टीत त्यांना थारा मिळत नाही. यावर आमच्यातच एकमत नाही, हेही सांगून टाकतो. काहींच्या मते ओळखीच्या पट्टीत आत्मविश्वास लवकर येतो. तीन आठवड्यांपुरता आम्ही पहिल्या मताला कौल देतो.

आता खरा प्रश्न. परीक्षांसाठी शिकलेल्या माणसाला बंदिश, आलाप, ताना सगळे वहीत उतरवलेले मिळाले होते. वही हरवली की त्याच्याकडे स्वतःचे म्हणून वाजवायला काही उरत नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनीच हे करून ठेवले आहे, तेव्हा उपायही आम्हीच सांगावा.

फक्त काळ्या पट्ट्या घ्या. एका सप्तकात त्या पाचच असतात, त्यामुळे चुकायला जागा नाही. मोबाइलवरचा तानपुरा काळी तीनला लावा आणि काळी तीन हाच सा माना. पाचही काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा: सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. आता पट्ट्या त्याच ठेवा आणि तानपुरा काळी चारला न्या. सा रे म प आणि कोमल नी मिळतात, मध्यमाद सारंगाचे स्वर. काळी पाचला सा धरलात तर गंधार, धैवत, निषाद कोमल होतात आणि मालकंस समोर येतो. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. बोटे त्याच पाच पट्ट्यांवर फिरतात, फक्त घर बदलते आणि रंग पालटतो. तानपुरा मात्र सतत चालू हवा. तो बंद केलात की कान आपोआप आधीच्या सा वर जाऊन बसतो आणि सगळे पुन्हा भूपच वाटू लागते.

या पाचांतला एक राग निवडून त्यावर आठवडाभर राहा. पहिल्या दिवशी लगतचे तीनच स्वर घ्या. त्रितालाचा ठेका लावा. पहिल्या आठ मात्रांत एक छोटा तुकडा वाजवा, पुढच्या आठ मात्रा गप्प राहा. पुढच्या आवर्तनात तोच तुकडा पुन्हा आणि गप्प बसलेल्या आठ मात्रांत त्याचे उत्तर. तुकडा वाजवण्याआधी तोंडाने म्हणा, आवाज कसाही असो. बोटे सवयीच्या वाटेने पळतात. गळा तसा पळत नाही, कारण त्याला श्वास घ्यावा लागतो. म्हटलेले वाजवले की आपोआप मध्ये जागा राहते. पट्ट्यांवर बोटे नुसती फिरवून जे निघते ते बहुधा सरगमच असते.

पेटीवर मींड येत नाही ही रड कायमची. तिच्यावर इलाज कणाचा: गंधारावर उतरताना पंचमाला निमिषभर शिवून यायचे, भात्याचा दाब मात्र किंचितही वाढवायचा नाही. दाब वाढला की कण ठसठशीत होतो आणि दोन स्वतंत्र स्वर वाजल्यासारखे ऐकू येतात. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी साथीच्या या पेटीला स्वतंत्र वादनात बसवले ते याच बांधीव स्वरांवर.

भूप बोटांत बसला की एक दिवस तेच पाच स्वर घेऊन देशकार करून पाहा. भूपात गंधारावर वस्ती असते आणि चाल खालच्या अंगाने. देशकारात धैवतावर थांबायचे आणि वरच्या अंगात फिरायचे. पट्टी एकही बदललेली नाही, तरी संध्याकाळची सकाळ होते, कारण भूप संध्याकाळचा राग आणि देशकार सकाळचा. आपण कुठे थांबतो यातच आपले काही असेल तर ते असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. दर शनिवारी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा आणि ते त्या दिवशी ऐकू नका. पुढच्या शनिवारी ऐका. त्याच दिवशी ऐकलेल्या मुद्रणात चुकाच ऐकू येतात. आठवड्याने ऐकले की एखादी जागा, आपणच वाजवलेली, अनोळखी आणि बरी वाटते. तेवढीच उचला आणि पुढे वाढवा.

रात्री शेजाऱ्यांचा त्रास नको म्हणून हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सराव चालेल, बोटांसाठी. भाता त्यावर येत नाही, म्हणून सकाळची वीस मिनिटे पेटीचीच ठेवा.

एक विनंती आपल्या वाचकांतल्या तरुणांना. दादर-गिरगावात, पुण्याच्या पेठांत जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत आणि घर रिकामे करताना पेट्या लाकडाच्या भावाने भंगारात जातात. देण्याआधी ती एकदा उघडून सूर पाहा. चौकटींवर परदेशी छाप असेल, किंवा छाप नसूनही पितळ जाड आणि एकसारखे असेल, तर भाता फाटलेला, लाकूड वाळवीने खाल्लेले असले तरी सूर काढून दुसऱ्या सांगाड्यात बसवता येतात. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर आजही चांगले मिळतात, पण वाजून वाजून मुरलेला जुना जर्मन सूर नव्याने घडवता येत नाही.

आणि खंडेनवमीला पेटी खाली येईल, तिची पूजा होईल, ती व्हावीच. हळद-कुंकू मात्र झाकणावर लावा, पट्ट्यांवर नको. ती भुकटी फटींतून उतरून जिभल्यांवर बसते आणि ती काढायला पुन्हा बटर पेपर घेऊन बसावे लागते. पूजा झाल्यावर पेटी त्याच संध्याकाळी माळ्यावर चढवू नका. स्टॉप बंद करून, वर सुती कापड टाकून, आत वेखंडाचे दोन तुकडे ठेवून ती हाताशी येईल अशा जागी ठेवा. भिंतीला टेकवू नका, ओल येते.

आपले नम्र,
काही पेटी-कारागीर आणि वादनशिक्षक, पुणे